'त्या शाळेत स्पॅनिश मुलं किती?' : अमेरिकेतल्या मराठी पालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

शाळाप्रवेशाचे दिवस आले की मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन प्रश्न हमखास फिरतात. पहिला, 'त्या शाळेत स्पॅनिश मुलं किती आहेत?' दुसरा, 'घरी कोणती भाषा बोलता, या रकान्यात काय भरायचं?' पहिल्याचं उत्तर कुणीतरी टक्केवारीत देतं. दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: 'सरळ इंग्लिश लिहा, नाहीतर मुलाला ईएसएलमध्ये टाकतात', म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात.

आम्ही इथल्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शिकवतो. या मुलांत बहुतेक घरी स्पॅनिश बोलणारी असतात, अधूनमधून एखादं मराठी बोलणारंही असतं. वरच्या दोन्ही प्रश्नांमागची भीती एकच आहे आणि ती अपुऱ्या माहितीवर उभी आहे, म्हणून हे पत्र. तुमच्यापैकी अनेक जण पीटीएत, म्हणजे पालक-शिक्षक संघात, आहात, स्कूल बोर्डाच्या सभांना जाता, नागरिक झालेले मतही देता. तिथे तुमचं म्हणणं ऐकलं जातं. ज्या मुलांबद्दल तिथे बोलणं होतं, त्यांचे आईवडील त्या वेळी बहुधा दुसऱ्या पाळीला कामावर असतात.

आधी 'स्पॅनिश मुलं' या शब्दाबद्दल. ही मुलं स्पेनची नाहीत. त्यांची घरं मूळची मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, डॉमिनिकन रिपब्लिक, कोलंबिया इथली. प्वेर्तो रिकोची मुलं तर जन्मानेच अमेरिकी नागरिक असतात. देशातल्या सरकारी शाळांत २०२१ साली हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेली, मुलं सुमारे १ कोटी ४० लाख होती. त्याच वर्षी 'इंग्रजी शिकणारी' म्हणून नोंदलेली सगळ्या भाषांची मिळून मुलं होती सुमारे ५३ लाख, म्हणजे एकूण पटाच्या १०.६ टक्के, त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांची घरची भाषा स्पॅनिश. म्हणजे बहुसंख्य हिस्पॅनिक मुलं या यादीत नाहीतच. आणि यादीत असलेल्यांपैकीही बरीचशी अमेरिकेतच जन्मलेली आहेत. आडनाव पाहून कुणाला इंग्रजी येत नाही हे ठरवता येत नाही.

आता तो रकाना. कॅलिफोर्नियात प्रवेशाच्या वेळी चार प्रश्न विचारतात: मूल बोलायला लागलं तेव्हा पहिली भाषा कोणती, घरी ते जास्त कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता, आणि घरातली मोठी माणसं आपसात कोणती बोलतात. पहिल्या तीन उत्तरांत दुसरी भाषा दिसली की ३० दिवसांच्या आत मुलाची चाचणी होते. टेक्सासात हीच मुदत चार आठवड्यांची आहे. बस, एवढंच. मुलाला इंग्रजी चांगलं येत असेल तर 'आधीपासूनच प्रवीण' अशी नोंद होऊन विषय तिथेच संपतो. येत नसेल तर मदत सुरू होते. रकान्यात खोटं लिहिलं की चाचणी होत नाही, पण मुलाची अडचण तशीच राहते. बाईंचं बोलणं निम्मंच समजणारं पाच वर्षांचं मूल वर्गात इकडेतिकडे बघत बसतं, आणि चार महिन्यांनी पालकसभेत 'लक्ष देत नाही' हे ऐकायला मिळतं. हा सल्ला स्पॅनिश बोलणाऱ्या पालकांतही असाच फिरतो. तिथे तर भीती दुहेरी असते. कागदावर काहीही खरं लिहिलं की ते कुठेतरी पोचेल असं वाटतं. शाळेला मुलाचा स्थलांतराचा दर्जा विचारण्याचं काहीही कारण नाही. टेक्सासातल्या टायलर गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निकाल दिला, की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येणार नाही. हे त्या पालकांना ठाऊक असतंच असं नाही. शेजारच्या घरी कुणी असेल तर सांगा.

या अर्जात उलटी चूकही होते, आणि ती जास्त घातक आहे. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या कुटुंबाची घरची भाषा माम किंवा किचे असू शकते, दक्षिण मेक्सिकोतल्या कुटुंबाची मिश्तेक. अर्ज स्पॅनिशमध्ये छापलेला, खिडकीवरची बाई स्पॅनिश बोलणारी, म्हणून आई 'स्पॅनिश' लिहून मोकळी होते. त्या भाषांना आपल्याच देशात कमी लेखलं गेल्याचा अनुभव असतो, तोही हात आखडता घ्यायला लावतो. मग मुलाला स्पॅनिश-इंग्रजी वर्गात बसवतात, दुभाषी स्पॅनिशचा देतात, आणि मूल दोन्ही भाषांत गप्प. उपाय साधा आहे. नाव नोंदवणाऱ्या माणसाने आणखी एक प्रश्न विचारायचा: 'आजी तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलते?' उत्तर लगेच बदलतं.

नव्याने आलेलं मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, बोलतच नाही. हा आजार नव्हे आणि मंदपणाही नव्हे. समज आधी वाढते, बोलणं मागून येतं. या काळात शिक्षकाने बोटाने दाखवायला सांगावं, चित्र काढू द्यावं, दोन पर्यायांतून एक निवडू द्यावा, अर्धं वाक्य फळ्यावर लिहून उरलेलं भरायला द्यावं. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच-सहा आकडे मोजून मगच पुढे जावं. बहुतेक वर्गांत एका सेकंदात पुढच्या मुलाकडे बोट जातं, आणि ज्याला आधी प्रश्न स्वतःच्या भाषेत लावावा लागतो त्याची पाळी कधीच येत नाही. दुसरी चूक म्हणजे वर्गातल्या दुसऱ्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलीला दिवसभराची दुभाषी करून टाकणं. चार दिवस ठीक आहे. पुढे तिचाही अभ्यास बुडतो आणि नव्या मुलाला इंग्रजीकडे कान द्यायचं कारण उरत नाही.

उच्चार आणि लेखनात जे घडतं ते मराठी माणसाला चटकन कळेल. स्पॅनिशमध्ये स्वर पाच: आ, ए, ई, ओ, ऊ. आपल्याला लिपीमुळे ऱ्हस्व-दीर्घाची निदान जाण तरी असते. स्पॅनिश कानाला 'शिप' आणि 'शीप' सुरुवातीला एकच शब्द वाटतो. शब्दाच्या आरंभी 'स'ला जोडून दुसरं व्यंजन त्या भाषेत येत नाही, आधी 'ए' लागतो: शाळा म्हणजे 'एस्कुएला', विद्यार्थी म्हणजे 'एस्तुदियांते'. म्हणून मूल 'एस्कूल' म्हणतं. शब्दाच्या शेवटी दोन-तीन व्यंजनं एकत्र येणंही स्पॅनिशला परकं आहे. त्यामुळे 'आस्क्ड', 'जम्प्ड' यांतला शेवटचा आवाज मुलाच्या कानावर पडतच नाही. जो ऐकू येत नाही तो लिहिला जात नाही, आणि वहीत लाल शेरा पडतो: 'भूतकाळ चुकला.' चूक काळाची नसून कानाची आहे. व्याकरणाचे दहा तक्ते भरून घेऊन ती सुटत नाही. 'जम्प' आणि 'जम्प्ड' जोडीने ऐकवून, हात उंचावून फरक ओळखायला लावला की आठवडाभरात वही सुधारायला लागते.

अक्षरांच्या नावांचा गोंधळ तर फार कमी शिक्षकांच्या लक्षात येतो. स्पॅनिशमध्ये इंग्रजी 'ए' या अक्षराचं नाव 'आ', इंग्रजी 'ई'चं नाव 'ए', आणि इंग्रजी 'आय'चं नाव 'ई'. बाईंनी स्पेलिंग सांगताना 'ए' म्हटलं की मूल त्याच्या ओळखीचा 'ए' लिहितं, म्हणजे इंग्रजी 'ई'. बाईंनी 'ई' म्हटलं की ते 'आय' लिहितं. 'ह'चा आवाज स्पॅनिशमध्ये 'जे' या अक्षराने दाखवतात आणि 'एच' मुका असतो, म्हणून 'हाऊस'च्या सुरुवातीला 'जे' येतो. अशी वही पाहून 'या मुलाला अक्षरओळखही नाही' असा निष्कर्ष निघतो, जेव्हा खरं तर मूल एक संपूर्ण, नीट नियमांची लेखनपद्धत शिकून आलेलं असतं. स्पॅनिशमध्ये वाचन शिकवतात ते 'मा, मे, मी, मो, मू' असं म्हणत, अगदी आपल्या बाराखडीसारखं. जसं लिहितात तसंच वाचतात. बाराखडीवर वाढलेल्या मुलाला इंग्रजी स्पेलिंग जितकं विचित्र वाटतं, तितकंच या मुलांना वाटतं.

व्याकरणातली तीन वळणं सांगून पुढे जाऊ. क्रियापदातच कर्ता कळत असल्याने मूल 'इज रेनिंग' म्हणतं. आपणही 'आलो', 'जेवलो' म्हणतोच. वय सांगताना स्पॅनिशमध्ये 'माझ्याकडे आठ वर्षं आहेत' अशी रचना असते, ती तशीच इंग्रजीत येते. आणि 'त्याचा', 'तिचा', 'त्यांचा', आदरार्थी 'तुमचा' या सगळ्यांना स्पॅनिशमध्ये 'सू' हा एकच शब्द असल्याने 'हिज' आणि 'हर' यांची अदलाबदल वर्षभर चालते. त्यावरून मुलाला हसू नये, एवढं तुमच्या मुलांना जरूर सांगा.

'गणिताला भाषा लागत नाही' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतं. लागते. 'टेबल' म्हणजे जेवायचं टेबल शिकलेल्या मुलाला आकड्यांचा 'टेबल' भेटतो. 'ऑड' म्हणजे विचित्र आणि विषमही. 'मीन' म्हणजे दुष्ट आणि सरासरीही. 'फूट' म्हणजे पाय आणि बारा इंचही. मेट्रिकमध्ये शिकून आलेल्या मुलाला इंच, फूट, यार्ड, पौंड, औंस हे सगळं नव्याने, हे भारतातून चौथी-पाचवीत आलेल्या मुलांच्या पालकांना सांगायला नको. त्यात आणखी खाचा आहेत. स्पॅनिशमधला 'बियॉन' म्हणजे एकावर बारा शून्यं, इंग्रजी 'बिलियन' म्हणजे नऊ. अर्जेंटिना-चिलीत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, मेक्सिकोत टिंब. आणि मेक्सिकोत भागाकार करताना गुणाकार व वजाबाकी मनात करून फक्त बाकी लिहायची पद्धत आहे. उत्तर अचूक, पण मधल्या ओळी नाहीत. 'पायऱ्या दाखवल्या नाहीत' म्हणून गुण कापले जातात, कधी नक्कल केल्याचा संशयही येतो. शिक्षकाने एकदा मुलाला फळ्यापाशी बोलावून त्याच्या पद्धतीने करू दिलं, तर पाच मिनिटांत सगळ्या वर्गाला भागाकाराची दुसरी रीत मिळते.

आता आम्हाला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे तो मुद्दा: इंग्रजी शिकायचं तर स्पॅनिश सोडली पाहिजे, ही समजूत.

मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला इंग्रजीत गेलेली मुलं तुमच्या ओळखीत असतील, कदाचित तुमच्यातलेच काही जण तसे शिकले असतील. पहिले काही महिने त्या मुलाला 'ॲक्यूट अँगल' कळत नाही. पण लघुकोन त्याला पक्का माहीत असतो. हवी असते फक्त नव्या नावाची चिठ्ठी. ज्याला लघुकोनच माहीत नाही त्याचं काम दुप्पट. स्पॅनिशमध्ये विज्ञान, गणित, वाचन शिकलेल्या मुलाचं असंच असतं, आणि त्याची वाट मराठी मुलाच्या वाटेपेक्षा सोपी आहे. इंग्रजीतला शालेय शब्दसंग्रह मोठ्या प्रमाणात लॅटिनमधून आलेला; स्पॅनिश तर लॅटिनचीच लेक. 'ॲक्यूट अँगल'ला स्पॅनिशमध्ये 'आंगुलो आगुदो' म्हणतात. 'फोटोसिंथेसिस' म्हणजे 'फोतोसिंतेसिस'. 'शन'ने संपणारे शब्द 'सियोन'ने संपतात: 'एज्युकेशन', 'एदुकासियोन'. 'टी'ने संपणारे 'दाद'ने: 'इलेक्ट्रिसिटी', 'एलेक्त्रिसिदाद'. 'व्हेलॉसिटी' हा शब्द इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला सातवी-आठवीत पुस्तकात भेटतो. 'वेलोसिदाद' स्पॅनिश बोलणारं मूल रस्त्यावरच्या वेगमर्यादेसाठी लहानपणापासून ऐकतं. असे हजारो शब्द आहेत.

पण हे आपोआप घडत नाही, इथेच शाळा चुकते. छापलेलं साम्य डोळ्याला दिसतं, कानाला नाही. 'सायन्स' आणि 'सिएन्सिया' ऐकून कुणालाही ते सख्खे वाटणार नाहीत. ते शिकवावं लागतं. भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता, इंग्रजी शब्द, स्पॅनिश शब्द, दोन्हींत सारखा असलेला भाग अधोरेखित. प्रत्येक धड्याला सहा ते आठ शब्द, त्याहून जास्त नकोत. फसवे शब्द वेगळ्या रंगात: 'एक्सितो' म्हणजे बाहेर जायची वाट नव्हे, यश, 'कार्पेता' म्हणजे गालिचा नव्हे, कागदं ठेवायची फाईल, 'लिब्रेरिया' म्हणजे पुस्तकांचं दुकान, आणि 'एम्बारासादा' म्हणजे गरोदर, जे 'एम्बॅरस्ड' समजून वापरलं तर मुलीची फार पंचाईत होते. आणि हा तक्ता उपयोगी पडायचा तर मुलाला स्पॅनिश वाचता यायला हवी. घरात बोलतो पण वाचता येत नाही, अशा मुलाच्या हातात ही शिडी येतच नाही. बालवाडीपासून फक्त इंग्रजीत शिकलेल्या बहुसंख्य मुलांची हीच स्थिती आहे.

टेक्सासातल्या मार्फा गावात मेक्सिकन मुलांसाठी वेगळी ब्लॅकवेल शाळा होती. १९५४ साली तिथे मुलांकडून स्पॅनिश शब्द चिठ्ठ्यांवर लिहून घेतले, पेटीत घातले आणि ध्वजस्तंभाजवळ 'मिस्टर स्पॅनिश'ची अंत्ययात्रा काढून ती पेटी पुरली. २०२२ साली ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. त्या काळी टेक्सासच्या शाळांत मैदानावर स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. याच राज्यातल्या कोतुला गावच्या मेक्सिकन मुलांच्या शाळेत १९२८ साली लिंडन जॉन्सन शिक्षक होते. पुढे राष्ट्राध्यक्ष म्हणून १९६८ साली द्विभाषिक शिक्षणाच्या पहिल्या केंद्रीय कायद्यावर त्यांचीच सही झाली. तरीही कॅलिफोर्नियाने १९९८ साली सार्वमताने द्विभाषिक वर्ग जवळजवळ बंद केले आणि २०१६ साली पुन्हा सार्वमतानेच ते उघडले. मधल्या १८ वर्षांत शाळेतून गेलेली बरीच मुलं आज स्वतः पालक आहेत. घरी ते स्पॅनिश बोलतात, पण आपल्या मुलाला स्पॅनिश पुस्तक वाचून दाखवताना त्यांतले कित्येक अडखळतात.

आपण रविवारी सकाळी मुलांना मराठी शाळेत सोडतो. आजीशी बोलता यावं, वाचता यावं, म्हणून. त्याने मुलाचं इंग्रजी बिघडेल असं आपल्यापैकी कुणी म्हणत नाही. मग हाच न्याय स्पॅनिशला लावताना कचरायचं कारण काय?

बोलण्याचं इंग्रजी आणि अभ्यासाचं इंग्रजी हा फरक कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडला. मैदानावर, डब्याच्या टेबलावर लागणारं इंग्रजी साधारण एक ते दोन वर्षांत येतं. पाठ्यपुस्तक वाचून त्यावर युक्तिवाद लिहिण्याचं इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात. मूल फाडफाड बोलू लागलं की शाळा निर्धास्त होते, आणि तिथेच पुढची अडचण सुरू होते.

सहा-सात वर्षं किंवा अधिक काळ अमेरिकी शाळेत काढूनही 'इंग्रजी शिकणारी'च्या यादीतून नाव न निघालेल्या, सहावीपासून पुढच्या मुलांना कॅलिफोर्निया 'दीर्घकालीन' इंग्रजी शिकणारी मुलं म्हणतो. यांचं बोलणं ऐकलंत तर तुम्हाला ती इथलीच वाटतील, आणि ती असतातही. अडतं वाचनात आणि लेखनात. ज्या राज्यांत विडा या गटाची वार्षिक चाचणी घेतात, न्यू जर्सी त्यांपैकी एक, तिथे एकूण गुणांत वाचनाचे ३५ टक्के, लेखनाचे ३५ टक्के, ऐकणं व बोलणं प्रत्येकी १५ टक्के. उत्तम बोलणारं मूलही लेखनात अडकलं की वर्षानुवर्षं तिथेच राहतं. बोलण्याची चाचणी हेडफोन लावून, संगणकासमोर, बाजूला इतर मुलं असताना होते. तेरा वर्षांचा मुलगा लाजून एका वाक्यात उत्तर देतो. लांब, कारणांसह उत्तर अपेक्षित आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गुण कमी पडतात. चाचणी हिवाळ्यात-वसंतात, निकाल येईपर्यंत पुढच्या वर्षाचं वेळापत्रक ठरून गेलेलं. पास होऊनही ऑगस्टमध्ये मूल पुन्हा त्याच वर्गात बसलेलं दिसतं. कॅलिफोर्नियात नाव काढायला भाषेची चाचणी, शिक्षकाचं मत, पालकांशी सल्लामसलत आणि मूलभूत कौशल्यांची तुलना, असे चार निकष आहेत. शेवटच्या निकषावर घरी फक्त इंग्रजी बोलणारी कित्येक मुलंही उतरणार नाहीत.

यादीत नाव राहण्याची किंमत तासांत मोजावी लागते. माध्यमिक शाळेत दिवसाचे सहा-सात तास. त्यांतला एक इंग्रजी विकासाचा, कधी त्याच्या जोडीला आणखी एक वाचनाचा. मग बँड, चित्रकला, संगणक, दुसरी परकी भाषा यांतलं काही तरी गळतं. प्राथमिक शाळेत मुलाला अर्धा तास वर्गाबाहेर काढून शिकवतात, तो अर्धा तास बहुधा विज्ञानाचा किंवा समाजशास्त्राचा असतो. म्हणजे ज्या विषयांचे शब्द कमी पडतात तेच विषय बुडतात. आमचं स्पष्ट मत आहे, की आठवीतल्या अशा मुलाला नवख्यांच्या वर्गात 'धिस इज अ पेन्सिल' म्हणायला लावणं हा त्याच्या वेळेचा नाश आहे. चारही कौशल्यांचे गुण वेगळे पाहा. लेखन कमी असेल तर इतिहासाच्या तासालाच लेखन शिकवा: 'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'देअरफोर' घालून दोन वाक्यं जोडणं, परिच्छेदाची सुरुवात दाव्याने करणं, पुरावा उद्धृत करणं. हे इतिहासाच्या शिक्षकाने करायचं आहे, आणि त्यासाठी त्याला प्रशिक्षण आणि तयारीचा वेळ द्यायला हवा. बोर्डाच्या अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी याच ओळीला.

याच्याही पलीकडची चूक म्हणजे भाषेच्या अडचणीला अक्षमता समजणं. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं जात होतं. १९७० सालच्या डायाना खटल्यानंतर मुलाच्या भाषेत चाचणी घेणं भाग पडलं. आज उलटंही घडतं: खरोखर वाचनदोष असलेल्या मुलाला 'इंग्रजी आलं की सुधारेल' म्हणत तीन-तीन वर्षं थांबवतात. ओळखायची खूण एकच. स्पॅनिश वाचायला नीट शिकवूनही तीच अडचण स्पॅनिशमध्ये दिसते का? दोन्ही भाषांत दिसली तर तपासणी ताबडतोब.

नावांबद्दल थोडं. स्पॅनिश नावात दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. शाळेच्या संगणकात शेवटचा शब्द आडनाव धरला जातो, वडिलांचं आडनाव मधल्या नावाच्या रकान्यात जातं. एका शाळेत 'गार्सिया', दुसऱ्या शाळेत 'लोपेस', आणि बदलीच्या वेळी जुन्या गुणपत्रिका सापडत नाहीत. मधल्या नावात वडिलांचं नाव लावणाऱ्या मराठी घरांना हा त्रास ओळखीचा आहे. दोन्ही आडनावं आडनावाच्याच रकान्यात टाकायची, एवढा नियम शाळेने केला तरी पुरे.

पालकसभेत दहा वर्षांच्या मुलीला आईसाठी दुभाषी करू नये. स्वतःच्याच तक्रारींचं भाषांतर तिने काय करायचं? दुभाषी देणं शाळेचं काम आहे. कॅलिफोर्नियात एखाद्या शाळेत १५ टक्के किंवा अधिक मुलांची घरची भाषा एकच असेल तर घरी जाणारी पत्रं त्या भाषेतही पाठवावी लागतात.

आता ड्युअल लँग्वेज वर्गांबद्दल, कारण इथे तुमचा थेट संबंध येतो. १९६३ साली मायामीच्या कोरल वे शाळेत क्युबातून आलेल्या आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एकत्र, दोन्ही भाषांत शिकवायला सुरुवात झाली. आज याची दोन रूपं जास्त आढळतात. एकात पहिल्यापासून निम्मा वेळ स्पॅनिश, निम्मा इंग्रजी. दुसऱ्यात बालवाडीत ९० टक्के स्पॅनिश, मग दरवर्षी इंग्रजी वाढवत चौथी-पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं. वर्ग चालायला दोन्ही भाषांची मुलं लागतात, कुठल्याही एका बाजूची एक तृतीयांशाहून कमी झाली की बिघडतो, कारण मुलं एकमेकांकडून शिकतात. या वर्गांची ख्याती पसरली आणि शिकलेल्या, सुस्थितीतल्या कुटुंबांचे अर्ज वाढले. त्यांत मराठी कुटुंबंही आहेत. मुलाला तिसरी भाषा मिळावी ही इच्छा चांगलीच आहे. पण प्रवेशाची लॉटरी एकच असेल, अर्ज फक्त ऑनलाइन आणि इंग्रजीत असेल, माहितीची सभा कामाच्या वेळी असेल, तर जागा भरतात त्या लॅपटॉपवर वेळेत अर्ज करणाऱ्यांच्या. आणि ज्या मुलासाठी हा वर्ग इंग्रजीची शिडी होता, ते रस्त्यापलीकडच्या शाळेत फक्त इंग्रजीत बसतं. वर्गातही तेच होऊ शकतं: चर्चा इंग्रजीकडे घसरते, सूचना इंग्रजीत, जेवणाच्या सुट्टीतला खेळ इंग्रजीत, आणि स्पॅनिश बोलणारी मुलं दुसऱ्यांच्या सरावाचं साधन होऊन बसतात.

मार्च २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरली, आणि त्याच वर्षी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांबाबत शाळांना २०१५ साली दिलेली केंद्राची मार्गदर्शक सूचना मागे घेतली गेली. तेव्हापासून काही सभांमध्ये 'आता हे वर्ग लागत नाहीत' असं बोललं जातं. कायदा बदललेला नाही. १९६४चा नागरी हक्क कायदा आहे, समान शैक्षणिक संधीचा १९७४चा कायदा आहे, आणि त्याच वर्षीचा लाऊ खटल्याचा निकाल आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की भाषा न कळणाऱ्या मुलाला सगळ्यांसारखंच पुस्तक आणि तोच शिक्षक दिल्याने समान वागणूक होत नाही. पुढे १९८१ साली टेक्सासातल्या रेमंडव्हिलच्या कास्तान्येदा खटल्यात अपील न्यायालयाने शाळा-जिल्ह्याची योजना तपासायच्या तीन कसोट्या दिल्या, आणि त्या स्कूल बोर्डाच्या सभेत बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांत विचारता येतात. तुमची पद्धत कोणत्या मान्य शैक्षणिक विचारावर आधारलेली आहे? तिच्यासाठी पुरेसे प्रशिक्षित शिक्षक, पुस्तकं आणि पैसा दिला आहे का? आणि काही वर्षांनी निकाल पाहून, मुलांची अडचण दूर होत नसेल तर योजना बदलली का? उत्तरादाखल सरासरी दिली तर सहा वर्षांहून अधिक काळ यादीत असलेल्या मुलांचा वेगळा आकडा मागा.

कॅलिफोर्नियात २१ किंवा अधिक इंग्रजी शिकणारी मुलं असलेल्या प्रत्येक शाळेत पालकांची सल्लागार समिती असावी लागते. तुमचं मूल त्या यादीत असेल तर तुम्हीही तिच्यावर बसू शकता. टेक्सासात एका इयत्तेत एकाच घरच्या भाषेची, इंग्रजी शिकणारी २० किंवा अधिक मुलं जिल्ह्यात असतील तर प्राथमिक इयत्तांत द्विभाषिक वर्ग द्यावाच लागतो; तुमच्या जिल्ह्यात ती संख्या भरते का आणि वर्ग आहे का, हे विचारा. आणि येत्या हिवाळ्यात ड्युअल लँग्वेजचा अर्ज भरण्याआधी शाळेच्या कार्यालयात फोन करून विचारा, की घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी निदान निम्म्या जागा राखून ठेवल्या आहेत का, अर्ज कागदावर स्पॅनिशमध्ये मिळतो का, आणि माहितीची सभा शनिवारी होते का. उत्तर नकारार्थी असेल तर आपला अर्ज भरण्याआधी तेवढं एक पत्र बोर्डाला पाठवा.

आपले,
सरकारी शाळांत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शिकवणारे काही मराठी शिक्षक